कलिसबेकदादांचा स्वल्पविराम

कलिसबेकदादांना दिवसभर चुका करण्याचा पगार मिळत असे. ही व्याख्या त्यांच्या आईची. तोकमोकच्या घरी कुणी पाहुणा आला आणि मुलगा काय करतो असं विचारलं, की म्हातारी म्हणायची, "बिश्केकला कचेरीत जातो. तिथं मुद्दाम चुकीचं लिहितो आणि यंत्राच्या ते लक्षात येतंय का ते बघत बसतो. लक्षात आलं तर सगळे खूश. नाही आलं तर हा एकटाच खूश."

व्याख्या अगदीच चुकीची नव्हती. आमची कचेरी दुकानांसाठी, उपाहारगृहांसाठी, मंगल कार्यालयांसाठी प्रोग्रॅम तयार करते आणि ते पाच देशांत विकते. त्या प्रोग्रॅममधली वाक्यं मी लिहिते: 'कृपया पुन्हा प्रयत्न करा', 'नाव रिकामं आहे' अशी. माझ्या शेजारच्या टेबलावर कलिसबेकदादा आकडे तपासतात. जगात आकडे सगळीकडे सारखे असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी दादांच्या शेजारी एक दुपार बसावं. जर्मन माणूस हजारानंतर टिंब देतो आणि अपूर्णांकाआधी स्वल्पविराम. अमेरिकन नेमकं उलट करतो. स्विस माणूस हजारानंतर वर एक बारीकशी चिमटी लटकवतो. हिंदुस्थानातली माणसं आधी तीन आकडे तोडतात आणि मग दोन दोन. "इतक्या वेळा थांबत थांबत मोजतात," दादा म्हणायचे, "म्हणजे निवांत माणसं असणार." आमच्याकडे हजारानंतर नुसती मोकळी जागा सोडतात आणि अपूर्णांकाआधी स्वल्पविराम. साडेछप्पन म्हणजे ५६,५.

हे सगळं तपासताना दादा त्या त्या देशाचे होऊन बसत. जर्मन आकडे घालायचे असले की पाठ ताठ करायची, साखरेशिवाय कॉफी प्यायची आणि कुणाशी बोलायचं नाही. स्विस व्हायचं असलं की भर उन्हाळ्यात कोट चढवायचा आणि खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाच्या डोंगरांकडे ते आपल्याच मालकीचे असल्यासारखं बघायचं. अमेरिकन झाले की पाय टेबलावर. मग झाडू मारणाऱ्या बाई त्या पायांवर झाडू हाणत आणि अमेरिका तेवढ्यापुरती संपे.

"आणि आपले आकडे तपासताना काय करता?" मी एकदा विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "आपण आपलेच असतो ना."

आमचा मालक तिलेक. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह ऐकू येतं. गेल्या हिवाळ्यात त्याला कल्पना सुचली, की मेजवानीत कुणाला कुठलं हाड वाढायचं हे यंत्रानं ठरवावं. आमच्याकडे मेंढीचं किंवा घोड्याचं हाड असंच कुणाच्याही ताटात पडत नाही. खुब्याचं हाड, जांबाश, जमलेल्यांतल्या सगळ्यात थोरल्या पुरुषाला. त्याखालोखाल मांडीचं, मग नडगीचं, असं वयाप्रमाणे खाली खाली. हाड चुकलं की माणूस काही बोलत नाही. सुरीला हात लावत नाही, उठतो आणि घरी जातो, आणि मग त्याची नातवंडंही तुमच्या दारावरून जाताना मान फिरवतात. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'हाड'. पाहुण्यांची वयं भरायची, की कुणासमोर काय जायचं ते पडद्यावर येणार.

पहिल्याच महिन्यात तक्रार आली. एकाच वर्षी जन्मलेले दोन म्हातारे एका हाडासाठी हातघाईवर आले होते. एक मार्चचा, एक नोव्हेंबरचा. तिलेक म्हणाला, "मग वयात महिने धरू! अपूर्णांक चालू द्या!" दादांनी अपूर्णांक तपासले. आमचे, जर्मन, स्विस, सगळे. कोट घालून, कोट काढून. सगळं बरोबर येत होतं.

वसंतात दादांच्या मुलीचं, जिबेकचं ठरलं. मुलगा नारीनचा. दोघं एकाच इस्पितळात शिकत होती आणि त्यांनी आपसात कधीचं ठरवलेलं होतं. आता मोठ्यांनी ठरवायचं नाटक तेवढं उरलं होतं. पण नारीनच्या माणसांसमोर नाटकसुद्धा नीट वठावं लागतं. मुलाकडून त्याच्या आजोबांचे थोरले भाऊ, मामिर आजोबा येणार होते. वय चौऱ्याऐंशी. होकार त्यांच्या तोंडून यायचा होता. एकदा असंच कुठल्याशा घरी चहा कोमट मिळाला म्हणून त्यांनी घोडा माघारी वळवल्याचं सांगत असत.

मेजवानी तोकमोकच्या झामिराताईंच्या मंगल कार्यालयात ठेवली. झामिराताईंनी 'हाड' नुकतंच विकत घेतलं होतं, त्यामुळे तिलेकही हजर, नवा कोट घालून. मी बायकांच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी, जिबेकच्या शेजारी उभी होते. तिनं माझा हात धरला होता.

पाहुणे बसले. झामिराताई दारात संगणकापुढे वयं भरत होत्या. दादांकडच्या मंडळींत दोन समवयस्क होते, जनावरांचे डॉक्टर तोलोगोन आणि त्यांचे शाळेतले सोबती जोलचू. दोघेही छप्पन्न.

"मी थोरला," तोलोगोन म्हणाले. "माझा जन्म आधीचा."

"सहा महिन्यांनी," जोलचू म्हणाले. "सहा महिन्यांत गाढवसुद्धा शहाणं होत नाही. लिहा ताई, याला साडेछप्पन लिहा. खाऊ दे मेल्याला मोठं हाड."

ताईंनी ५६,५ लिहिलं.

थोड्या वेळानं ताटं बाहेर आली. जांबाशाचं ताट, त्यावर वाफ, चरबीची पिवळी झळाळी, घेऊन वाढपी मानाच्या जागेकडे निघाला. मामिर आजोबांनी बाह्या सावरल्या. वाढपी त्यांच्यासमोरून पुढे गेला, वळला, आणि दाराजवळ चहा फुंकत बसलेल्या तोलोगोन डॉक्टरांपुढे ताट ठेवलं. मामिर आजोबांपुढे आलं मांडीचं हाड.

दालनात कुणी चघळतही नव्हतं.

"ताई," दादांनी हलक्या आवाजात विचारलं, "हे काय झालं?"

झामिराताईंनी पडद्याकडे पाहिलं आणि घाबरून जे दिसलं ते मोठ्यानं वाचलं. "तोलोगोन. वय, पाचशे पासष्ट."

पहिले बोलले ते जोलचू. "एका बाकावर बसलो आम्ही! हा पाचशे वर्षांनी मोठा? तरीच सातवीत दोनदा बसला!"

कुणी हसलं नाही. मामिर आजोबांनी सुरी म्यानातून काढलीच नव्हती. ती तशीच कमरेला होती. जिबेक माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, माझं लग्न एका हाडावर अडलंय का गं?" अडलं होतं.

दादा एव्हाना संगणकाशी पोचले होते. त्यांना कळायला वेळ लागला नाही. झामिराताईंच्या भाच्यानं परदेशातून आणलेला तो संगणक अजूनही स्वतःला अमेरिकेत समजत होता. अमेरिकेत स्वल्पविराम हजारांसाठी असतो, त्याला काही मोल नसतं, तो सरळ गिळून टाकतात. साडेछप्पनमधला स्वल्पविराम त्यानं गिळला आणि पाच पुढे सरकला. दादांनी अमेरिकन होऊन अमेरिकन आकडे तपासले होते, आपले होऊन आपले. आपला माणूस अमेरिकेच्या पोटात बसून आपला आकडा लिहील, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"व्याही," मामिर आजोबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "हे यंत्र तुम्ही तपासता म्हणे."

"हो, आजोबा."

"मग दोनपैकी एक सांगा. यंत्र चुकलंय, की हा गृहस्थ पाचशे पासष्ट वर्षांचा आहे?"

तिलेकनं मागून दादांचा कोट ओढला. "दादा, चार कार्यालयांचे मालक बसलेत!" तो दात न उघडता म्हणाला. "सांभाळून!"

दादा त्याच्याकडे न बघता दालनाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. "यंत्राला वाटतंय आपण अमेरिकेत आहोत," ते म्हणाले.

"आपण कुठं आहोत?"

"तोकमोकला."

"मग?"

"ते मी बघायला हवं होतं. यंत्राचं काही चुकलं नाही, आजोबा. माझं चुकलं. मी नीट तपासलं नाही. तोलोगोन साडेछप्पनचेच आहेत."

तिलेकनं रुमालानं तोंड झाकलं. मला मात्र त्या क्षणी दादा फार देखणे वाटले. लेकीच्या सासरच्यांपुढे, भरल्या पंगतीत, एवढं स्वच्छ वाक्य बोलायला छाती लागते. आता आजोबांचं मन द्रवणार असं मला वाटलं. मी कथा-कादंबऱ्या जरा जास्तच वाचलेल्या आहेत.

मामिर आजोबांचा चेहरा आणखी काळवंडला.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी साडेछप्पन वर्षांच्या पोराच्या खाली बसलोय."

दादा तोलोगोनपुढच्या ताटाकडे वळले.

"हाड आता उचलता येणार नाही. ठेवलेलं हाड उचललं तर त्याचा अपमान. नाही उचललं तर माझा. नारीनला जाऊन मी काय सांगू? एका घोडेडॉक्टरनं माझं जांबाश खाल्लं म्हणून?"

"आजोबा, मी खात नाही हो," तोलोगोन काकुळतीला आले. "मला चरबी सोसतच नाही."

"तू गप्प." आणि लगेच थांबून, जरा विचार करून, आजोबांनी आवाज बदलला. "तुम्ही गप्प बसा जरा." मग ते दादांकडे वळले. "व्याही, नीट ऐका. छप्पन्न वर्षांच्या माणसाखाली बसणं ही बेअब्रू आहे. पण पाचशे पासष्ट वर्षांच्या माणसाखाली बसण्यात कसली बेअब्रू? तिथं तर मान आहे. तेव्हा परत विचारतो. यंत्र तपासलंय ना तुम्ही?"

दालनातली सगळी तोंडं दादांकडे वळली. दादांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ज्या माणसानं एका निसटलेल्या टिंबासाठी तिलेकशी आठवडाभर अबोला धरला होता, तो माणूस तिथं उभा होता आणि त्याच्या कपाळावरचा घाम मला इतक्या लांबून दिसत होता.

"तपासलंय," ते म्हणाले.

"मग?"

"बरोबर आहे."

"किती?"

"पाचशे पासष्ट."

मामिर आजोबांनी सुरी काढली. पंगत पुन्हा श्वास घेऊ लागली. आजोबा जागेवरून उठले, तोलोगोन डॉक्टरांना बखोटीला धरून मानाच्या जागेवर नेऊन बसवलं आणि स्वतः त्यांच्या डाव्या हाताला बसले. जेवण झाल्यावर आशीर्वाद द्यायचा तो अर्थातच सगळ्यात थोरल्यानं. तोलोगोननी तळवे पसरले आणि त्यांना जे सुचलं ते म्हणाले: सोयरीक सुदृढ राहो, भरपूर चरो, कुणाला खुरकूत न होवो. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सोयरीक झाली. जोलचू तेवढे शेवटपर्यंत पुटपुटत होते, "माझ्याकडून उसनी नेलेली पेन्सिल अजून दिली नाहीये या पूर्वजानं."

सोमवारी दादांनी कचेरीत आल्या आल्या चूक नोंदवली. सविस्तर. कार्यालय कुठल्या देशात आहे हे संगणकाला न विचारता माणसाला विचारावं, असं लिहिलं. वय एकशे वीसच्या वर गेलं तर प्रोग्रॅमनं ते नाकारावं, असंही लिहिलं. नकाराचं वाक्य मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं: 'हे वय माणसाचं वाटत नाही. कृपया पुन्हा पाहा.' दादांनी ते दोनदा वाचलं. "'वाटत नाही' छान आहे," ते म्हणाले. "सभ्य आहे." मग आपले होऊन, अमेरिकन होऊन, आणि या वेळी अमेरिकेत अडकलेला आपला माणूस होऊनही त्यांनी सगळं तपासलं. त्यासाठी त्यांनी पाय टेबलावर टाकले आणि डोक्यावर आपल्याकडची पांढरी, लोकरी नमद्याची टोपी घातली. झाडूवाल्या बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग दुसऱ्या खोलीत झाडायला गेल्या.

पण आमच्याकडे सोयरीक जमणं म्हणजे लग्न लागणं नव्हे. लग्न शरदात होतं आणि नारीनहून सारखे फोन येत होते. "मामिर आजोबा विचारतायत, आमचे थोरले येणार ना?" कधी, "थोरल्यांना थंडी बाधत नाही ना?" एकदा त्यांच्यासाठी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आली. तोलोगोन ती घेऊन दादांच्या घरी आले आणि डोकं धरून बसले.

"कलिस, मला यातून सोडव. गावात लोक आपल्या खापरपणज्यांची चौकशी करतात माझ्याकडे. परवा एकानं विचारलं, त्याच्या सात पिढ्यांमागचा पुरुष घोडेचोर होता हे खरं का."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, चांगला माणूस होता. काय म्हणणार?"

लग्नाच्या सकाळी झामिराताई पुन्हा संगणकापुढे बसल्या. दादा त्यांच्या मागे उभे होते. मी शेजारी. मधल्या काळात तोलोगोनना सत्तावन्न पुरी झाली होती. ताईंनी सत्तावन्न लिहिलं. त्यात अपूर्णांक नव्हता, स्वल्पविराम नव्हता, गिळायला काही उरलंच नव्हतं. पडद्यावर नावं आली. जांबाश, मामिर. तोलोगोन खाली कुठंतरी, बरगड्यांपाशी.

सगळं बरोबर होतं. दादांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, बरोबर उत्तर बघून त्यांचा चेहरा पडला. आज आजोबांपुढे जांबाश गेलं, तर वसंतातलं सगळं खोटं ठरत होतं. म्हणजे ते खरंच एका पोराखाली बसले होते. बाहेर नारीनच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि जिबेक आत पांढरी ओढणी बांधून घेत होती.

"सरका जरा, ताई," दादा म्हणाले. त्यांनी सत्तावन्न खोडलं आणि पाचशे पासष्ट लिहिलं.

'हे वय माणसाचं वाटत नाही. कृपया पुन्हा पाहा.'

त्यांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा लिहिलं. वाक्य पुन्हा आलं, तितक्याच सभ्यपणे. दादा माझ्याकडे वळले. "हे काढता येतं का कुठून?"

"तुम्हीच म्हणालात कुठूनही काढता येता कामा नये," मी म्हटलं.

ते हसले. हसताना अगदी त्यांच्या आईसारखे दिसले. मग त्यांनी संगणकाची तार भिंतीतून उपटली, कोट काढून माझ्या हातात दिला, स्वयंपाकघरात जाऊन कमरेला पंचा गुंडाळला आणि जांबाशाचं ताट स्वतः उचललं.

"दादा, यंत्राप्रमाणे ते..." वाढपी म्हणाला.

"यंत्र बंद आहे," दादा म्हणाले.

मुलीच्या बापानं ताट उचलून आणणं हे आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. मामिर आजोबा मानाच्या जागेच्या डाव्या हाताला बसले होते, आणि मानाची जागा रिकामी होती. तोलोगोन दाराआड लपले होते. आजोबा दादांच्या हातातल्या ताटाकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. मला आधी ओळखता आलं नाही. ती भीती होती. ताट आपल्यापुढे येतंय की काय, याची.

दादांनी दाराआडून तोलोगोनना बाहेर ओढलं, मानाच्या जागेवर बसवलं, आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

आजोबांचे खांदे सैल झाले. तोलोगोननी निमूटपणे सुरी घेतली, हाडावरचं मऊ मांस कापलं, चरबीत बुडवलं, आणि आता हे कुणाला द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. थोरल्यानं आपल्या हाडावरचा पहिला घास धाकट्याला हातानं भरवायचा असतो. आणि त्यांच्या डाव्या हाताला, चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस, ज्याचा कोमट चहाला घोडा वळवल्याचा लौकिक, दोन्ही तळवे एकमेकांना जोडून पुढे करून बसला होता. मुलं बसतात तसा. तोंड थोडं उघडं.

तोलोगोननी घास भरवला. आजोबा बराच वेळ चघळत राहिले. दात फारसे नव्हते.

"किती वर्षांनी," ते म्हणाले. "जिथं जाईन तिथं मीच थोरला. जांबाश माझं, आशीर्वाद माझा, उठायचं आधी मी. भरवायला कुणी उरलंच नव्हतं." मग ते तोलोगोनच्या कानाकडे झुकले, पण ऐकू कमी येत असल्यानं आवाज सगळ्या दालनात गेला. "थोरले, माझा गुडघा फार दुखतो हो."

तोलोगोननी सवयीनं त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्यानं वाटी दाबून पाहिली. "उतारावरून चालताना जास्त?"

"हो."

"सूज उतरेपर्यंत पळवायचं नाही," डॉक्टर म्हणाले. आजोबांनी आज्ञाधारकपणे मान हलवली.

तेवढ्यात जिबेक आली. पांढऱ्या ओढणीत, दोन बायकांच्या मध्ये, नजर खाली. ती मामिर आजोबांपुढे वाकणार, तोच आजोबांनी तिला हातानं थांबवलं आणि उजवीकडे बोट दाखवलं.

"आधी थोरल्यांना, सूनबाई," ते म्हणाले.

दाराशी दादा कमरेचा पंचा सोडत होते. 'सूनबाई' ऐकून त्यांचे हात गाठीवरच थांबले.